पुसा ते पानिपत : आम्ल घडवणाऱ्या जिवाणूंचा शोध

गोबरगॅसच्या शेगडीवर जी निळी ज्योत दिसते ती मिथेनची, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. शेणाचे मिथेन होताना वाटेत एक मुक्काम लागतो, तो मात्र फार कमी जणांना ठाऊक आहे. हा मुक्काम ॲसेटिक आम्लाचा. व्हिनेगरला आंबटपणा देणारे हेच आम्ल बंद टाकीच्या अंधारात तयार होते, आणि टाकीतल्या मिथेनपैकी सुमारे दोन तृतीयांश मिथेन त्यातूनच जन्माला येते. व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंना भरपूर हवा लागते. टाकीतल्या आम्लकारी जिवाणूंना मात्र हवेतला प्राणवायू सोसवत नाही. त्यामुळे शास्त्रज्ञांच्या हाती ते लागले फार उशिरा, आणि लागल्यावरही पुन्हा पुन्हा निसटले.

आपल्या देशात या जिवाणूंकडून काम करून घेणे आधी सुरू झाले, त्यांची ओळख पुष्कळ नंतर पटली. मुंबई, दिल्ली आणि पुढे खेडोपाडी टाक्या उभ्या राहिल्या, त्यातल्या अनेक चालल्या आणि अनेक बंद पडल्या. बंद पडण्याचे कारण कळायला जगभरातल्या प्रयोगशाळांना काही दशके लागली. आज दिल्लीच्या उत्तरेला पानिपतच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात याच कुळातला एक जिवाणू, शेणाच्या कणाशिवाय, वायू खाऊन इंधन बनवतो आहे. या दोन टोकांमध्ये काय काय घडले, ते क्रमाने पाहण्यासारखे आहे.

शेण जाळायचे की शेतात घालायचे?

या कथेचे मूळ सरपणाच्या टंचाईत आहे. १८८९ मध्ये ब्रिटिश सरकारने जॉन ऑगस्टस व्होल्कर या कृषिरसायनशास्त्रज्ञाला हिंदुस्थानातल्या शेतीची पाहणी करायला पाठवले. त्याचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतकरी शेण जाळतो ते अडाणीपणामुळे, असा गोऱ्या अधिकाऱ्यांचा सर्रास समज होता. व्होल्करने देशभर फिरून वेगळाच निष्कर्ष काढला. शेतकऱ्याला खताचे मोल चांगले कळते. जाळायला लाकूड नाही म्हणून तो शेण जाळतो, असे त्याने नोंदवले आणि सरपणासाठी राखीव राने लावण्याची शिफारस केली.

दिल्लीच्या आसपासच्या गावांत हा प्रश्न आजही डोळ्यांना दिसतो. हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात गावाच्या कडेला गोवऱ्यांच्या उंच उतरंडी रचलेल्या असतात. वरून शेणाचाच गिलावा करून त्या पावसापासून जपतात. तिथले लोक त्यांना बिटौडा म्हणतात. अशा एका बिटौड्यात एका कुटुंबाचे वर्षभराचे सरपण असते, आणि शेताला मिळू शकले असते असे वर्षभराचे खतही. गोवरी चुलीत गेली की तिच्यातला नत्र धुरावाटे निघून जातो. जाळ आणि खत दोन्ही एकाच शेणातून मिळेल का, हा म्हणूनच भारतीय शेतीचा फार जुना प्रश्न होता.

त्याच्या उत्तराची एक खूण मुंबईत मिळाली होती. माटुंग्याला कुष्ठरोग्यांचे आश्रयस्थान होते. तिथल्या मैल्याच्या टाक्यांवर १८९७ च्या सुमारास वायू गोळा करण्याची सोय केली गेली आणि त्या वायूवर इंजिन चालवले गेले, अशी नोंद सांडपाणीशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत सापडते. पुढे १९३० च्या दशकात दादरच्या सांडपाणी केंद्रातही गाळ कुजवून वायू मिळवण्यात आला. हे सगळे शहरी मैल्याच्या विल्हेवाटीसाठी चालले होते. खेड्यातल्या गोठ्याचा विचार करणारी संस्था दिल्लीला यायची होती.

ती आली भूकंपामुळे. १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा या गावी कृषी संशोधन संस्था स्थापन झाली होती. १५ जानेवारी १९३४ च्या प्रचंड भूकंपात तिची इमारत जायबंदी झाली आणि १९३६ मध्ये संस्था नव्या दिल्लीला हलवण्यात आली. गावाचे नाव ती बरोबर घेऊन आली. दिल्लीकर आजही भारतीय कृषी संशोधन संस्थेला ‘पुसा’ म्हणूनच ओळखतात. १९३९ च्या सुमारास इथेच एस. व्ही. देसाई यांनी गाईगुरांचे शेण हवाबंद टाकीत कुजवण्याचे प्रयोग सुरू केले. शेणात पाणी कालवायचे, हवा आत जाऊ द्यायची नाही आणि निघणारा वायू वेगळा साठवायचा, अशी त्यांची साधी मांडणी होती. प्रयोगातून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. वायू चांगला जळत होता, आणि मागे उरलेला काला खत म्हणून वापरण्याजोगा होता. जाळ आणि खत यांतले एकच निवडण्याची सक्ती उरली नव्हती. याच संस्थेतले एन. व्ही. जोशी यांनीही १९४० च्या दशकात या संयंत्रात सुधारणा केल्या.

आचार्यांचा भाताचा पेंढा

टाकीच्या आत काय घडते, या प्रश्नाला हात घालणारा एक भारतीय संशोधक त्याआधीच कामाला लागला होता. सी. एन. आचार्य यांनी भाताच्या पेंढ्यावर केलेल्या प्रयोगांचे तीन शोधनिबंध १९३५ मध्ये ‘बायोकेमिकल जर्नल’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाले. भातखाचरात पाण्याखाली गेलेला पेंढा हवेविना कसा कुजतो, हा त्यांचा विषय होता. पाण्यात बुडवून हवाबंद ठेवलेल्या पेंढ्याचे ते ठराविक काळाने पृथक्करण करत गेले. आधी सेंद्रिय आम्ले साठत गेली, त्यांत मुख्यतः ॲसेटिक आणि ब्युटिरिक. मग ही आम्ले कमी होऊ लागली आणि वायू वाढू लागला. कुजण्याचे दोन टप्पे आहेत, आधी आम्लाचा आणि मग वायूचा, हे त्यांच्या आकड्यांवरून उघड झाले. आम्ल प्रमाणाबाहेर साठले तर दुसरा टप्पा अडतो, हेही त्यांनी ओळखले.

आचार्य पुढे पुसा संस्थेत आले आणि शेण-वायूच्या कामात रमले. या विषयावरची त्यांची पुस्तिका १९५८ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने प्रसिद्ध केली, आणि सरकारी अधिकाऱ्यांपासून गावातल्या कार्यकर्त्यांपर्यंत अनेकांना ती उपयोगी पडली. आम्ल कधी वाढते आणि कधी घटते, हे त्यांना ठाऊक होते. मात्र ते कोण बनवते, हे त्यांनाच काय, तेव्हा जगात जवळपास कोणालाच सांगता येत नव्हते. शेणाच्या एका थेंबात असंख्य जातींचे जिवाणू असतात. त्यातला नेमका एक वेगळा काढून, एकट्याला वाढवून, तो काय खातो आणि काय टाकतो हे तपासल्याशिवाय उत्तर मिळणार नव्हते.

सापडला, हरवला, पुन्हा सापडला

पुसा संस्था दिल्लीला आली त्याच वर्षी, १९३६ मध्ये, हॉलंडमधल्या वॅगेनिंगेन या शेतकी शहरात के. टी. विरिंगा या संशोधकाने एक शोध जाहीर केला. चिखलाचा अंश घातलेल्या बंद बाटलीत त्याने हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड हे दोन वायू भरले होते. काही दिवसांत दोन्ही वायू गडप झाले आणि द्रवात ॲसेटिक आम्ल सापडले. असे काहीतरी घडते याची चाहूल फिशर, लीस्के आणि विन्झर या जर्मन संशोधकांना १९३२ मध्येच लागली होती. विरिंगाने त्यापुढे जाऊन हे काम करणारा जिवाणू वेगळा काढला आणि त्याचे नाव ठेवले क्लॉस्ट्रिडियम ॲसेटिकम. साखर नाही, पिष्ट नाही, सूर्यप्रकाश नाही. नुसत्या वायूंवर जगणारा आणि त्यांचे आम्ल करणारा हा जीव होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत हा जिवाणू हरवला. त्यावर पुढचे प्रयोग करायचे तर जिवंत नमुनाच उरला नव्हता. अमेरिकेतल्या बर्कली इथल्या होरेस बार्कर यांच्या प्रयोगशाळेत मात्र त्याचे सुकवलेले बीजाणू एका नळीत पडून होते. तीन दशकांहून अधिक काळाने जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या संशोधकांनी त्यांना पुन्हा ओलावा आणि अन्न दिले. बीजाणू रुजले, आणि १९८१ मध्ये विरिंगाचा जिवाणू पुन्हा जगापुढे आला. जिवाणूंचे नमुने जपून ठेवणे हे किती मोलाचे काम आहे, हे यापेक्षा ठळकपणे सांगणारे उदाहरण मिळणे कठीण.

मधल्या काळात शास्त्रज्ञांची भिस्त दुसऱ्याच एका जिवाणूवर होती. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात फॉन्टेन आणि सहकाऱ्यांनी घोड्याच्या लिदीतून एक उष्णताप्रेमी जिवाणू वेगळा काढला. ५५ ते ६० अंश सेल्सियसला वाढणाऱ्या या जिवाणूचे नाव क्लॉस्ट्रिडियम थर्मोॲसेटिकम; आता तो मूरेला थर्मोॲसेटिका म्हणून ओळखला जातो. त्याचा हिशेब चक्रावून टाकणारा होता. ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे सहा अणू असतात. नेहमीच्या किण्वनात त्यातले काही कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. या जिवाणूकडे ग्लुकोजच्या एका रेणूपासून ॲसेटिक आम्लाचे जवळपास तीन रेणू तयार होत होते, म्हणजे सहाही अणू आम्लात उतरत होते. सुटलेला कार्बन डायऑक्साइड तो पुन्हा पकडत असला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ होता.

हे सिद्ध करायला नवे हत्यार लागले. १९४५ मध्ये बार्कर आणि मार्टिन केमन यांनी किरणोत्सारी कार्बन-१४ वापरून कार्बन डायऑक्साइड खरोखरच आम्लात जातो हे दाखवले. जीवरसायनशास्त्रात कार्बन-१४ चा हा अगदी सुरुवातीचा वापर होता. १९५२ मध्ये हार्लंड वूड यांनी कार्बन-१३ च्या मदतीने हिशेब आणखी पक्का केला. त्यांचे शिष्य लार्स युंगडाल आणि नंतरचे अनेकजण या मार्गातली एकेक पायरी शोधत राहिले. सगळी साखळी जुळायला १९८० चे दशक उजाडले. कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूला टप्प्याटप्प्याने हायड्रोजन जोडून मिथिल गट बनतो, दुसऱ्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि निकेल असलेले एक विकर या दोघांना सांधते. त्यातून होणारा पदार्थ म्हणजे ॲसेटिल को-ए, सजीवांच्या चयापचयातला एक मोठा चौकच. तिथून ॲसेटिक आम्लाकडे वाट जाते, तशी पेशीच्या इतर घटकांकडेही. या साखळीला आज वूड-युंगडाल मार्ग म्हणतात, आणि जीवसृष्टीतल्या सर्वांत प्राचीन चयापचय मार्गांपैकी तो असावा असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. यातून जिवाणूला ऊर्जा मिळते ती अगदी जेमतेम. म्हणून तो सावकाश वाढतो, आणि त्याला वाढवणाऱ्या संशोधकालाही सबुरी शिकवतो.

एकटा समजलेला जीव दुकटा निघाला

अवायुजीवी जिवाणू वेगळे काढण्याची खात्रीची रीत रॉबर्ट हंगेट या अमेरिकी शास्त्रज्ञाने बसवली. गाईच्या पहिल्या पोटातले, म्हणजे रुमेनमधले, जिवाणू हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. ही रीत जवळून पाहिली की हे काम किती नाजूक आहे ते कळते. आधी पोषणद्रव उकळून त्यात विरघळलेला प्राणवायू घालवायचा. मग नळीत कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रोजन सोडायचा, पण तोही तापलेल्या तांब्यावरून नेऊन, म्हणजे त्यातला उरलासुरला प्राणवायू तांबे शोषून घेईल. द्रवात रेझाझुरिन हा रंग टाकायचा. किंचित प्राणवायू असला तरी द्रव गुलाबी दिसतो, संपूर्ण गेला की रंग उडतो. द्रव बिनरंगी झाल्यावरच शेणाचा पातळ केलेला अंश आत टाकायचा, रबरी बूच घट्ट बसवायचे आणि नळी आडवी धरून थंडगार पाण्यात गरागरा फिरवायची. आतला कोमट अगार नळीच्या भिंतीवर पातळ थरात गोठतो. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, त्या थरात टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसू लागतात. प्रत्येक ठिपका ही एका जिवाणूची वसाहत. ती काचेच्या बारीक नळीने उचलायची आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करायचे, वसाहत निर्भेळ आहे याची खात्री होईपर्यंत.

खात्रीच्या बाबतीत घाई केली तर काय होते, हे एका गाजलेल्या जिवाणूने दाखवून दिले. बार्कर यांच्या प्रयोगशाळेतला मिथेनोबॅसिलस ओमेलियान्स्की हा जीव अल्कोहोलपासून ॲसेटिक आम्ल आणि मिथेन करतो, असे अनेक वर्षे मानले जात होते. १९६७ मध्ये मार्विन ब्रायंट, राल्फ वोल्फ आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केले की हा एक जीव नसून दोन आहेत. पहिला अल्कोहोलचे ॲसेटिक आम्ल करतो आणि हायड्रोजन सोडतो. दुसरा तो हायड्रोजन उचलून मिथेन करतो. हायड्रोजन साठत गेला तर पहिल्याचे काम ठप्प होते, आणि हायड्रोजन मिळाला नाही तर दुसऱ्याची उपासमार होते. दोघे इतके एकमेकांच्या आधाराने जगत होते की वर्षानुवर्षे शास्त्रज्ञांना ते एकच वाटले.

या शोधाने बंद टाकीचे सगळे चित्र बदलले. शेणातले तंतुमय पदार्थ फोडणारे जिवाणू वेगळे, त्यांपासून निघालेल्या ब्युटिरिक आणि प्रोपिऑनिक आम्लांचे ॲसेटिक आम्ल करणारे वेगळे, वायूंपासून थेट ॲसेटिक आम्ल घडवणारे वेगळे आणि शेवटी मिथेन करणारे वेगळे. एकाने टाकलेले दुसऱ्याचे अन्न. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून यातल्या एकेकाला नाव मिळत गेले. आचार्यांनी १९३५ मध्ये नोंदवलेल्या दोन टप्प्यांमागे आता खरे कामकरी दिसू लागले होते.

टाक्या खेडोपाडी

प्रयोगशाळेत हे कोडे सुटत होते तेव्हा भारतातली गावे थांबलेली नव्हती. १९५१ मध्ये जशभाई पटेल यांनी ‘ग्रामलक्ष्मी’ हे तरंगत्या झाकणाचे संयंत्र तयार केले. विहिरीसारख्या टाकीत शेणकाला, त्यावर लोखंडी पिंप उलटे टाकलेले. वायू साठला की पिंप वर येते, वापरला की खाली बसते. खादी ग्रामोद्योग आयोगाने १९६२ पासून हा नमुना देशभर नेला. त्याचा हिशेब सोपा होता: रोज २५ किलो ताजे शेण, तेवढेच पाणी, आणि सुमारे एक घनमीटर वायू. १९८४ मध्ये दिल्लीच्या ‘अफ्रो’ या संस्थेने विटांच्या घुमटाचा, लोखंड न लागणारा ‘दीनबंधू’ नमुना आणला आणि खर्च बराच खाली आला. १९७३ च्या तेलसंकटाने सरकारचेही लक्ष या कामाकडे वळले होते, आणि १९८१-८२ पासून राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला. दिल्लीत ओखल्याच्या सांडपाणी केंद्रातला वायू नळाने आसपासच्या स्वयंपाकघरांत पोचला.

महाराष्ट्रात या कामाला सामाजिक धार होती. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन यांनी भंगीमुक्तीच्या ध्येयातून संडास आणि खत यांचे प्रयोग केले. त्यांच्या विचाराने भारावलेले डॉ. सुहास मापुसकर देहू गावी सरकारी डॉक्टर म्हणून आले आणि तिथेच राहिले. संडासाला जोडलेल्या बायोगॅस संयंत्राचा ‘मलप्रभा’ हा त्यांचा नमुना. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मैला उपसण्याच्या कामातून माणसाची सुटका व्हावी, हा या सगळ्यामागचा ध्यास होता, आणि ती सुटका करणारे हात डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंचे होते.

तरीही पुष्कळ टाक्या बंद पडल्या. काहींची कारणे उघड होती: गुरे कमी झाली, पिंप गंजले, दुरुस्तीला माणूस मिळेना, घरात सिलिंडर आला. काही टाक्या मात्र आतून बिघडल्या. पिंप वर येई, पण वायू पेटत नसे. अशा टाकीला लोक ‘आंबली’ म्हणत, आणि ते शब्दशः खरे होते. दिल्लीच्या कडाक्याच्या हिवाळ्यात किंवा एकदम जास्त माल टाकल्यावर हे घडे. आम्ल करणारे जिवाणू चपळ आणि सोशिक, मिथेन करणारे मंद आणि नाजूक. तापमान उतरले की मंद जिवाणू आणखी मंदावतात, आम्ल साठते, आणि साठलेले आम्ल त्यांना आणखी दडपते. वायूत मग कार्बन डायऑक्साइडच जास्त उरतो आणि काडी लावली तरी ज्योत धरत नाही.

यावर अनुभवी माणसांकडे तोडगा होता: माल टाकणे थांबवा, थोडा चुना घाला, आणि चांगल्या चाललेल्या टाकीतला काला आणून विरजण लावा. दुधात चांगले विरजण पडले की दही लागते, तसेच हे. हा तोडगा का लागू पडतो याचे उत्तर ब्रायंट आणि त्यांच्यासारख्यांच्या कामाने दिले. चुना आम्लता कमी करतो, आणि नव्या काल्याबरोबर मिथेन करणारे जिवाणू आयतेच जोडीने येतात.

जिवाणूंचे स्वभाव कळल्यावर टाक्यांची मांडणीही बदलली. दिल्लीच्या ‘टेरी’ या संस्थेने भाजीपाला आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्यासाठी ‘टीम’ ही दोन टप्प्यांची पद्धत विकसित केली. आम्ल करण्याचे काम वेगळ्या कप्प्यांत आणि मिथेन करण्याचे वेगळ्या टाकीत. आचार्यांच्या पेंढ्यातून दिसलेले दोन टप्पे इथे दोन भांड्यांत उतरले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ संयंत्रात कचरा आधी हवेशीर, उष्ण कप्प्यात मऊ करून मग बंद टाकीत नेण्याची योजना केली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. दिलीप रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायोगॅसमधल्या अवायुजीवी जिवाणूंवर अनेक वर्षे काम केले. हवेशी वैर असलेले जीव वेगळे काढून सांभाळण्याची परंपरा आपल्याकडे ज्या मोजक्या ठिकाणी रुजली, त्यात पुण्याचे नाव वरचे आहे.

शेणाशिवाय

तोपर्यंत आम्लाकडे सगळे अडचण म्हणूनच पाहत होते. मिथेनच्या वाटेवर ते साठू नये, एवढीच सर्वांची इच्छा असे. एकविसाव्या शतकात ही दृष्टी पालटली. ज्या जिवाणूला हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड एवढेच अन्न पुरते, त्याला कारखान्याच्या धुराड्याशीच का जुंपू नये, असा प्रश्न पुढे आला.

१९९४ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी सशाच्या लेंड्यांतून क्लॉस्ट्रिडियम ऑटोइथेनोजेनम हा जिवाणू वेगळा काढला होता. वूड-युंगडाल मार्गानेच तो कार्बन मोनॉक्साइडपासून ॲसेटिल को-ए बनवतो, आणि पुढे त्याचे ॲसेटिक आम्लाबरोबर इथेनॉलही करतो. २००५ मध्ये न्यूझीलंडमध्ये स्थापन झालेल्या लान्झाटेक या कंपनीने हाच जिवाणू हाती घेतला. त्याचा कल आम्लाकडून इथेनॉलकडे वळवत नेऊन २०१८ मध्ये चीनमधल्या एका पोलाद कारखान्याच्या वायूंवर पहिले व्यापारी संयंत्र सुरू झाले.

दिल्लीच्या परिसरात या कामाचे केंद्र ठरले फरिदाबाद. इंडियन ऑइलचे संशोधन केंद्र तिथे १९७२ पासून आहे. २०१२ मध्ये केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाबरोबर तिथे जैवऊर्जेचे प्रगत संशोधन केंद्र उभे राहिले. कार्बन डायऑक्साइडपासून जिवाणूंकरवी ॲसेटिक आम्ल करायचे, आणि ते आम्ल शैवालाला खाऊ घालून त्यापासून ओमेगा-३ सारखी तेले मिळवायची, ही तिथल्या संशोधनाची एक दिशा. इथे ॲसेटिक आम्ल हेच हवे असलेले उत्पादन झाले.

फरिदाबादहून उत्तरेला, दिल्ली ओलांडून ग्रँड ट्रंक रस्त्याने गेले की दिल्लीपासून सुमारे ९० किलोमीटरवर पानिपत लागते. मराठी मनात या गावाची आठवण १७६१ ची. इंडियन ऑइलच्या तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात हायड्रोजन तयार करताना उरणारे वायू पूर्वी भट्टीत जाळले जात. आता लान्झाटेकच्या तंत्राने ते जिवाणूंच्या टाकीत सोडले जातात. दिवसाला १२८ किलोलिटर इथेनॉल अशी या संयंत्राची क्षमता असून ते २०२३ मध्ये कार्यान्वित झाले. टाकी पोलादाची, अन्न वायूंचे, देखरेख संगणकाची. आत चालणारी रासायनिक साखळी मात्र विरिंगाच्या बाटलीत चालली होती तीच.

हिशेब

या प्रवासाचे फळ काय? शेण-वायूने अनेक घरांतल्या बायकांची धुरापासून सुटका केली, शेतांना खत दिले, आणि मैला वाहण्याच्या प्रथेला एक व्यवहार्य पर्याय पुढे केला. मात्र त्याचा लाभ मुख्यतः गोठ्यात चार गुरे असलेल्यांनाच झाला. भूमिहीनाच्या दारात ही टाकी सहसा पोचली नाही. पानिपतसारख्या संयंत्रात कार्बन दुसऱ्यांदा कामाला येतो हे खरे. पण इथेनॉल गाडीत जळले की तो अखेर हवेतच जातो. म्हणून अशा संयंत्रांकडे पेट्रोलियमचा वापर कमी करण्याचे एक साधन म्हणून पाहावे; हवामानबदलावरचा तो संपूर्ण उपाय नव्हे.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो दुसरा हिशेब. जगात शेण आपल्याइतके वापरात असलेले देश थोडे. टाक्या बांधण्यात आपण आघाडीवर होतो, आणि आम्लाच्या टप्प्याची आकडेवारी आचार्यांनी १९३५ मध्येच मांडली होती. तरीही पानिपतच्या टाकीत आज राबणारा जिवाणू बेल्जियममधल्या सशाकडून आला, तंत्र न्यूझीलंडमधून सुरू झालेल्या कंपनीकडून. आपण विटा, लोखंड आणि अनुदान यांवर जेवढे लक्ष दिले, तेवढे नळीतल्या टाचणीएवढ्या ठिपक्यांवर दिले नाही. हे काम सावकाश चालते, त्याचे उद्घाटन करता येत नाही, आणि एकेका जिवाणूवर संशोधकाची वर्षे खर्ची पडतात. पण विरिंगाच्या सुकलेल्या बीजाणूंपासून ऑटोइथेनोजेनमपर्यंत प्रत्येक मोठी झेप अशाच कुणाच्या तरी चिकाटीवर उभी आहे.

पुण्यातल्या आघारकर संस्थेसारख्या आणि राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रहासारख्या ठिकाणी हे नमुने जपले जातात. त्यांना पुरेसा पैसा, माणसे आणि निवांत वेळ मिळायला हवा. आपल्या गोठ्यांत, भातखाचरांत, सांडपाण्याच्या गाळात आणि कोकणातल्या खाजणांत असे किती जीव आहेत, हे हंगेटच्या पद्धतीने एकेक ठिपका उचलूनच कळेल. पुढच्या पिढीतल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे काम हाती घेतले, आणि त्यांच्या संस्थांनी त्यांना दहा वर्षे त्यात राहू दिले, तर उद्याच्या टाकीत राबणारा जिवाणू आपल्याच मातीतला असू शकेल.